दाभोळचा हिशेब समोर ठेवून वायूची वीज घ्या

मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग,
वर्ल्ड ट्रेड सेंटर, कफ परेड, मुंबई

अध्यक्ष महोदय,


किन्हीराजा हे वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातले गाव. मालेगावहून शेलूबाजारला जाणाऱ्या जुन्या नागपूर–औरंगाबाद रस्त्यावर आम्ही राहतो. शेलूबाजारकडून समृद्धी महामार्ग गेला आणि त्याच्या कडेच्या अरुंद पट्ट्यातून गेल कंपनीची मुंबई–नागपूर वायुवाहिनी आली. 24 इंची पोलादी नळ जमिनीखाली, वर माती, मातीवर गवत आणि मधूनमधून सूचनेचे खांब. वरून पाहणाऱ्याला एवढेच दिसते. पण त्या खांबांनी पारावरच्या गप्पांना चांगला विषय पुरवला आहे. कोणी म्हणतो, सिलिंडर बंद होऊन घरोघरी नळाने गॅस येणार. कोणी म्हणतो, आपल्याच पट्ट्यात गॅसवरचे पॉवर हाऊस उभे राहणार, पोरांना नोकऱ्या लागणार आणि लाइन जाणे कायमचे थांबणार.

नळाने गॅस येवो, आनंद आहे. पॉवर हाऊसच्या गोष्टीबद्दल मात्र तुम्हालाच लिहायला हवे. कोणती वीज, कोणाकडून, किती वर्षांसाठी आणि कोणत्या भावाने घ्यायची, या करारांना मंजुरी तुमची लागते. नळ आला की त्याच्या मागोमाग प्रस्तावही येतील. आज नाही तर दोन वर्षांनी. म्हणून आधीच सांगून ठेवतो. नैसर्गिक वायूची वीज महाराष्ट्राला हवी आहे, पण ती संध्याकाळच्या चार तासांपुरती. त्यासाठी वीस-पंचवीस वर्षांचा करार, वीज उचला वा न उचला पैसे मोजा अशी अट आणि इंधनाचा भाव डॉलरमध्ये, असा प्रस्ताव तुमच्या टेबलावर आला तर तो परत पाठवा.

मी वीजतज्ज्ञ नाही. गावात चक्की चालवतो, आणि तीही वडिलोपार्जित. वडिलांच्या काळी ती ऑइल इंजनावर होती. हँडल मारून जड चाकाला गती द्यायची, गती पुरेशी आली की लिव्हर पाडायचा, मग धुराड्यातून काळा भपका निघे आणि इंजन ठेका धरी. शेजारी पाण्याची टाकी. पट्टा घसरू लागला की त्याला राळ चोळायची. डिझेल महागले की दळणाचा भाव वाढवावा लागे आणि मग आठ दिवस बायाबापड्यांशी हुज्जत. पुढे थ्री-फेजची मोटार आली, धूर गेला, वडिलांच्या कानांना आराम पडला. इंजनाचा एक गुण मात्र मान्य करावा लागेल. बंद असताना ते थेंबभर डिझेल खात नसे. मोटारीचे तसे नाही. महिनाभर चक्कीला कुलूप असले तरी बिलावर स्थिर आकार असतोच. का असतो, हे मला कळते. तार, रोहित्र, माणसे माझ्यासाठी तयार ठेवली आहेत, त्याचे ते भाडे. तक्रार नाही. पण माझ्या बिलावरच्या या एका ओळीचा थोरला भाऊ मोठ्या वीज करारांत बसलेला असतो. क्षमता आकार हे त्याचे नाव, आणि महाराष्ट्राला तो भलताच महागात पडलेला आहे.

त्या महागाईकडे येण्याआधी चांगल्या उदाहरणाबद्दल बोलू. 1974 साली सागर सम्राट या जहाजाने मुंबईच्या समुद्रात तेल शोधले. तेलाबरोबर वायूही वर आला. घ्यायला गिऱ्हाईक नाही, न्यायला नळ नाही, म्हणून बराचसा वायू समुद्रातच पेटवून दिला जाई. तो कामी यावा म्हणून राज्य वीज मंडळाने उरणला 1982 पासून वायूवरची जनित्रे बसवायला सुरुवात केली. आज तिथे 108 मेगावॉटची चार वायुजनित्रे आणि 120 मेगावॉटची दोन बाष्पजनित्रे, मिळून 672 मेगावॉटची क्षमता आहे. रचना हुशारीची आहे. वायू जळतो, त्याच्या झोताने विमानाच्या इंजिनासारखे पहिले चक्र फिरते. बाहेर पडणारी हवा पाचशे अंशांच्या पुढे तापलेली असते, ती वाया न घालवता तिच्यावर पाण्याची वाफ करायची आणि त्या वाफेवर दुसरे जनित्र फिरवायचे. कोळशाच्या संचात इंधनातल्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा विजेत उतरतो, अशा जोडचक्रात निम्मा उतरतो. राख नाही, कोळशाच्या वाघिणी नाहीत. उरणचे दुखणे एकच. इंधन पुरेसे मिळत नाही, म्हणून ते पूर्ण ताकदीने क्वचितच चालते.

हे दुखणे देशभराचे आहे. देशाने वायूवरची सुमारे 25 हजार मेगावॉट क्षमता उभारली आणि त्यातून एकूण विजेच्या जेमतेम दोन टक्के वीज मिळते. बाकीची यंत्रे धूळ खात आहेत. देशी वायू थोडा आहे आणि त्याचे वाटप करताना केंद्र सरकार घरगुती गॅस व सीएनजीला विजेच्या आधी बसवते, जे योग्यच आहे. शिवाय खताचे कारखाने आहेत. अलिबागजवळच्या थळला आरसीएफचा युरिया याच वायूपासून होतो. गहू पेरला की युरियाच्या गोणीसाठी रांगेत उभे राहणारे आम्हीच. तो वायू बॉयलरखाली घालून त्याची वीज करा आणि युरिया परदेशातून आणा, असे कोणता शेतकरी म्हणेल?

तेलावरच्या विजेबद्दल फार लिहीत नाही. ट्रॉम्बेला टाटांचा 500 मेगावॉटचा संच तेलावर चालण्यासाठी बांधला होता. आज तेल जाळून वीज करणे म्हणजे लग्नात, दवाखान्यात आणि मोबाइल टॉवरखाली फटफटणारा जनरेटर. तो राहील, राहू द्या.

आता दाभोळ. तुमच्या आयोगाची स्थापना 5 ऑगस्ट 1999 ची. दाभोळ वीज प्रकल्पाचा पहिला टप्पा त्याच वर्षी मे महिन्यात सुरू झाला. म्हणजे तुम्ही जन्माला आलात तेव्हा करार होऊन गेला होता, वीज सुरू झाली होती आणि मंडळाच्या दारात बिल येऊन पडले होते. तुमच्याआधी जे झाले त्याचा जाब तुम्हाला कोण विचारणार? पण पुढच्या कराराचा विचारता येईल, म्हणून ही उजळणी.

जून 1992 मध्ये अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीशी सामंजस्य करार झाला, निविदा न काढता. एप्रिल 1993 मध्ये जागतिक बँकेने या प्रकल्पाला कर्ज द्यायला नकार दिला. आयात वायूची महाग वीज चोवीस तास घेणे महाराष्ट्राला परवडणार नाही, ती घ्यायची तर स्वस्त कोळशाचे संच बंद ठेवावे लागतील, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. जागतिक बँकेचे आमच्या गावात फारसे चाहते नाहीत, पण या वेळी तिने खरे ते सांगितले होते. तरीही डिसेंबर 1993 मध्ये वीस वर्षांचा वीज खरेदी करार झाला. गुहागर तालुक्यात अंजनवेल, वेलदूर, रानवी या गावांच्या जमिनीवर प्रकल्प आला. पुण्याच्या प्रयास गटाने, त्यात गिरीश संत होते, आकडेमोड करून कराराचे पोट उघडून दाखवले. 1995 मध्ये सत्ता पालटली, मुंडे समितीचा अहवाल आला, ऑगस्टमध्ये करार रद्द झाला आणि पुढच्या वर्षाच्या आरंभी फेरवाटाघाटी होऊन पुन्हा जिवंत झाला. आणि कमी नव्हे, एकूण 2,184 मेगावॉटचा होऊन. अरबी समुद्रात बुडवण्याची घोषणा झालेला प्रकल्प वर आला तो वजन वाढवूनच. यात एका पक्षाला दोष देऊन दुसऱ्याला सोडण्याची सोय नाही, आणि मला ती नकोही आहे.

कराराच्या आत काय होते? क्षमता आकार ठरलेला, वीज उचला किंवा न उचला. हिशेब डॉलरशी बांधलेला, म्हणजे रुपया घसरला की मंडळाचे बिल आपोआप फुगणार. इंधनाचा भाव जसाच्या तसा ग्राहकाकडे. द्रवरूप वायू येण्याआधी पहिला टप्पा नाफ्त्यावर चालवला आणि तेलाचे भाव चढले तसा नाफ्ताही चढला. मंडळाला दाभोळची वीज एवढी महाग पडू लागली की ती कमी उचलावी लागली. आणि कमी उचलली की क्षमता आकार थोड्या युनिटांवर वाटला जाऊन प्रत्येक युनिट आणखी महाग पडे. एका टप्प्यावर हा भाव युनिटला सात रुपयांच्या वर गेला. त्या काळचे सात रुपये! 2001 च्या एप्रिलमध्ये माधव गोडबोले समितीने अहवाल दिला, मे अखेरीस मंडळाने वीज घेणे थांबवले आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेत एन्रॉनच दिवाळखोर निघाली.

लोक गोष्ट इथे संपवतात. ती इथे संपत नाही, आणि तुमच्या कामाचा भाग पुढचाच आहे. 2005 मध्ये एनटीपीसी आणि गेल यांना पुढे करून रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनी काढली, संचांची डागडुजी झाली, 1,967 मेगावॉटचा कारखाना पुन्हा चालू झाला. या वेळी परदेशी कंपनी नव्हती, लबाडी नव्हती. वायू कृष्णा-गोदावरी खोऱ्यातून येणार होता. काही वर्षे आलाही. मग त्या विहिरींचे उत्पादन ढासळले आणि 2013 मध्ये संच थंड पडले. पुढे रेल्वेला काही वीज देऊन कारखान्याने जीव धरला. मधल्या काळात देशी वायू नाही तर आयात द्रवरूप वायूवर वीज द्यायची आमची तयारी आहे, असे कंपनीने जाहीर केले. वीज मंडळाच्या जागी आलेल्या महावितरणने एवढी महाग वीज नको म्हटले. मग न घेतलेल्या विजेचा क्षमता आकार द्यायचा की नाही? वाद केंद्रीय आयोगापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि नोव्हेंबर 2023 मध्ये न्यायालयाने महावितरणचे अपील फेटाळले. करारात लिहिले ते लिहिले.

म्हणजे पाहा. एकदा परदेशी कंपनी, एकदा आपलीच सरकारी कंपनी. एकदा नाफ्ता, एकदा देशी वायू. माणसे बदलली, इंधन बदलले, तीस वर्षे गेली आणि ग्राहकापुढे उभा राहिलेला प्रश्न तसाच राहिला. म्हणून मला नाव एन्रॉन आहे की आणखी काही, याच्याशी देणेघेणे नाही. कराराचे कलम बघा.

भावाचा हिशेब मी चक्कीवरच्या वहीत मांडून पाहिला. आयात वायू एमएमबीटीयू या मापाने विकतात. चांगल्या जोडचक्र संचात एका मापात साधारण 130 युनिट वीज निघते. माप 10 डॉलरला आणि डॉलर 85 रुपयांना धरला तर नुसत्या इंधनाचेच युनिटला साडेसहा रुपये झाले. बंदर, वाहिनी, कर, क्षमता आकार वेगळे. माप 20 डॉलरला गेले तर तेरा रुपये. हे कल्पनेतले नाही. 2022 मध्ये युक्रेनवर हल्ला झाला, युरोपने मिळेल त्या भावाने जहाजे उचलली आणि आशियाच्या बाजारात हा भाव कित्येक महिने 20 डॉलरच्या वर होता, मधूनमधून 50 च्याही पलीकडे. बांगलादेशाने खुल्या बाजारातली खरेदी थांबवली आणि भारनियमन सुरू केले. पाकिस्तानच्या निविदेला विक्रेताच मिळाला नाही. गेलचा रशियाच्या गॅझप्रॉमच्या उपकंपनीशी दीर्घ मुदतीचा करार होता, तरी त्या वर्षी जहाजे आली नाहीत. कागदावर वीस वर्षांची हमी असते. जहाज न आल्यावर दंड मागत बसण्यापलीकडे तिचा उपयोग नसतो. कतारचा वायू होर्मुझच्या चिंचोळ्या समुद्रातून येतो, तिथे कोणी कोणावर क्षेपणास्त्र डागले की किन्हीराजाच्या बिलावर इंधन समायोजन आकार वाढणार. त्या ओळीला आम्ही चांगले ओळखतो.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे मी टाळत नाही. विदर्भाला कोळशाचे कौतुक सांगू नये. पारसची राख अकोल्याकडच्यांनी पाहिली आहे, चंद्रपूरची तर सगळ्या महाराष्ट्राने. राख आमची, वीज सगळ्यांची. वायू जळताना कोळशाच्या सुमारे निम्माच कार्बन डायऑक्साइड निघतो आणि राख मुळीच नाही. कोणी म्हणेल, दाभोळच्या भीतीने किती दिवस धूर खायचा? प्रश्न रास्त आहे. पण वायूचीही झाकली मूठ आहे. वाहिनीत, विहिरीत गळणारा मिथेन हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पट वरचढ असतो. जहाजात भरण्यासाठी वायू उणे 162 अंशांपर्यंत थंड करून द्रवरूप करावा लागतो, त्याला वेगळी ऊर्जा खर्ची पडते. कोळशाला चोवीस तासांचा पर्याय म्हणून आयात वायू धरला तर धूर कमी होईल आणि बिल दुप्पट. दिवसाच्या विजेसाठी आता तिसरी वाट आहे. 2023 पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात गावोगावच्या माळांवर पॅनेल बसत आहेत, आणि ती वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते. हरभऱ्याचे ओलीत दिवसा होऊ लागले तर रात्री रानडुकरांच्या वाटेवर बॅटरी घेऊन जाणे सुटेल. आमच्याकडे याचे मोल पैशात होत नाही.

अडचण सूर्य मावळल्यावरची आहे. सहा वाजता पॅनेल झोपतात आणि त्याच वेळी पुण्या-मुंबईचे दिवे, गावातल्या शेगड्या, टीव्ही, पंखे जागे होतात. कोळशाचा संच असा एकदम चढत-उतरत नाही. त्याला निम्म्याच्या खाली आणले तर तो कुरकुरतो आणि थंड पडलेला पुन्हा तापवायला तास लागतात. कोयनेचे 1,960 मेगावॉट या वेळी धावून येतात, पण पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर कृष्णा लवादाची मर्यादा आहे. घाटघरला पाणी वर चढवून पुन्हा खाली सोडणारा 250 मेगावॉटचा प्रकल्प आहे, तो एकटा किती पुरणार? बॅटऱ्यांचे भाव उतरत आहेत, पण त्या गरजेइतक्या बसायला वर्षे जातील. या मधल्या वर्षांत वायुजनित्र खरे उपयोगाचे आहे. एकेरी चक्रावर ते अर्ध्या तासात अंगावर भार घेऊ शकते. 2024 च्या मे-जूनसाठी केंद्राने विद्युत कायद्याच्या कलम 11 खाली देशभरच्या वायू संचांना तयार राहायचा आदेश दिला होता, तो उन्हाळ्यातली मागणी भागवण्यासाठीच. वायूचे काम एवढेच असावे: गरजेच्या तासाला यायचे आणि काम झाले की बंद व्हायचे.

त्यासाठी नवे पॉवर हाऊस लागत नाही. उरणचे संच उभे आहेत आणि त्यांच्या भांडवलाचा बहुतेक भाग केव्हाच फिटला असणार. त्यांना दिवसभर थोडा-थोडा वायू देऊन अर्ध्या ताकदीने रखडवण्यापेक्षा तोच वायू राखून संध्याकाळी पूर्ण ताकदीने का चालवू नये? वायू साठवण्याची अडचण आहे, वाहिनीत काही तासांचा दाब राखावा लागेल, जोडचक्राचे बाष्पजनित्र रोज बंद-चालू करण्याने त्याचे आयुष्य घटेल, हे अभियंते सांगतील. सांगू द्या, आणि त्याचा खर्च किती हेही सांगायला लावा. तो खर्च नव्या कारखान्याच्या पंचवीस वर्षांच्या क्षमता आकारापेक्षा जास्त निघाला तर मी माझा अर्ज मागे घेईन. दाभोळची वीज घ्यायची झाली तरी तासावर घ्या, बाजारभावाने घ्या, त्या दिवसाच्या गरजेपुरती घ्या.

आणि आमच्या पट्ट्यात नळ आलाच आहे तर त्याचा वायू दाळमिलला द्या, मालेगाव-कारंजाच्या हॉटेलांच्या भट्ट्यांना द्या, एसटीच्या गाड्यांना द्या. जिथे उष्णताच हवी तिथे वायू थेट जाळण्यात शहाणपण आहे. आधी वीज करायची, निम्मी उष्णता आकाशात सोडायची, तारांमध्ये आणखी काही गमवायची आणि मग त्या विजेने पाणी तापवायचे, हा उद्योग श्रीमंतांना परवडेल.

शेवटी सुनावणीबद्दल. आयोगाच्या जाहीर सुनावण्या अमरावतीलाही होत आल्या आहेत, ही चांगली रीत आहे. वायूच्या विजेचा कोणताही मोठा करार मंजुरीला आला तर त्याची सुनावणी अमरावतीला समोरासमोर घ्या. मोबाइलच्या पडद्यावर आमच्याकडच्या माणसाचा आवाज अर्ध्यात तुटतो. कराराचा मराठी सारांश किमान महिनाभर आधी द्या. त्या सारांशात एक तक्ता असू द्या: वायू 8 डॉलर, 12 डॉलर आणि 20 डॉलर असताना युनिट किती रुपयांना पडेल; डॉलर दहा रुपयांनी चढला तर किती; आणि संच वर्षभर बंद राहिला, वायू आलाच नाही, तर महावितरणला किती रक्कम द्यावी लागेल आणि ती तीनशे युनिटांच्या आतल्या घरगुती ग्राहकाच्या बिलात युनिटमागे किती पैशांनी उतरेल. तक्त्याखाली कंपनीच्या अधिकृत माणसाची सही हवी. हा तक्ता ज्या प्रस्तावासोबत नसेल, तो सुनावणीला घेऊच नका.

आपला,
एक वीजग्राहक
किन्हीराजा, ता. मालेगाव, जि. वाशिम